हांक आणि ओ

दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या जुन्या आळींतून चालतांना वाचकांनीं क्षणभर कान देऊन पाहावें. एका दारांतून आई खेळांत रमलेल्या मुलाला बोलावीत असते. दुसऱ्या घराच्या माडीवरून कोणी खालच्या माणसाला थांबावयास सांगत असतो. कोपऱ्यावर भाजीवाली आपल्या ठरलेल्या हेलांत भाज्यांचीं नांवें उच्चारीत असते. आणि कोठल्यातरी पाळण्यांत एक तान्हें मूल या सर्वांवर ताण करून रडत असतें. या आवाजांतील शब्द निरनिराळे आहेत, आणि तान्ह्या मुलाच्या आवाजांत तर शब्दच नाहींत. परंतु शब्द बाजूस ठेवले तर सर्वांचें मागणें एकच असतें : इकडे लक्ष द्या.

आपल्या भाषेनें या मागण्यास 'हांक' असें नांव दिलें आहे, आणि तिला मिळणाऱ्या उत्तरास 'ओ'. हांक मारावी, ओ द्यावी. घर किती जवळ आहे हें सांगतांना आपण 'हांकेच्या अंतरावर' म्हणतो. आणि अडचणींत धांवून येणाऱ्या माणसाविषयीं 'हांकेला ओ देणारा' याहून मोठी प्रशस्ति आपणांस सुचत नाहीं. ही जोडी केवळ मनुष्याची कीं मनुष्याच्या जातभाईंचीही, आणि तिच्यांतील कोणता अर्धा भाग अधिक मोलाचा, याविषयीं कांहीं विचार आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. त्याला निमित्त आमच्याच घरांत घडलेली एक गोष्ट आहे. ती आम्हांस फारशी भूषणावह नाहीं. म्हणून ती शेवटीं सांगूं.

पाणिनीचा कान

आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां आरंभ पाणिनीपासून केला तर वाचक क्षमा करतील अशी आशा आहे. स्वर ऱ्हस्व असतो, दीर्घ असतो, आणि तिसरा प्लुत असतो, हें शाळेंत पुष्कळांनीं पाठ केलेलें असतें. ऱ्हस्वास एक मात्रा, दीर्घास दोन, प्लुतास तीन. हा प्लुत वापरावयाचा कोठें, हें मात्र बहुतेकांस पुढें आठवत नाहीं. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत पाणिनि त्याचीं ठिकाणें सांगतो, आणि त्यांतील एक ठळक ठिकाण म्हणजे दूरच्या मनुष्यास मारलेली हांक. देवदत्त शेजारीं बसला असेल तर 'देवदत्त' एवढें पुरे. तो नदीपलीकडे असेल तर शेवटचा स्वर तीन मात्रांपर्यंत लांबवावयाचा, आणि लिहितांना त्यापुढें तीनाचा आंकडा घालावयाचा : 'देवदत्त३'. 'हे' किंवा 'है' हा शब्द जोडला असेल तर तें लांबण त्या शब्दास द्यावयाचें. इतकेंच नव्हे, तर पहिल्या अध्यायांत तो असेंही सांगतो कीं दुरून हांक मारतांना उदात्त-अनुदात्तांचे चढउतार राहात नाहींत. सारें वाक्य एका सुरांत जातें. यास 'एकश्रुति' म्हणतात.

आतां आपल्याच अंगणांतील 'अरे ए' किंवा 'अगो' आठवून पाहावें. अंतर वाढलें कीं व्यंजनें प्रथम विरून जातात, स्वर तेवढा पोंचतो. म्हणून स्वर लांबवावा आणि सूर स्थिर ठेवावा, हें हांक मारणाऱ्यास कोणी शिकविलेलें नसतें, तरी तो नेमकें तेंच करितो. ज्या वैयाकरणानें हें सूत्रांत बांधलें तो केवळ पोथींत डोकें घालून बसलेला नसावा. त्यानें गुराख्यांच्या हांका ऐकल्या असाव्या. वर्गांत हा नियम समजावून देतांना आम्ही खिडकीशीं जाऊन शाळेच्या शिपायाच्या नांवानें प्लुत हांक मारून दाखवीत असूं. एकदां तो घंटा टाकून खरोखरच धांवत आला. त्या दिवशीं त्या वर्गाला प्लुत जन्मभराचा समजला.

या नियमांत एक मर्म आहे, आणि तेंच या लेखाचें सूत्र समजावें. स्वर किती लांबवावा हें बोलणाऱ्याच्या भावनेवर अवलंबून नाहीं. ऐकणारा कोठें आहे यावर तें अवलंबून आहे. पायास ठेंच लागतांच तोंडांतून 'आई ग' असें निघतें. घरांत कोणी नसलें तरी तें निघतें. तो आक्रोश होय. हांक ही ऐकणाऱ्यास मनांत धरून मारलेली असते. तेव्हां प्रश्न असा कीं इतर प्राण्यांचे, विशेषतः शास्त्रज्ञ ज्यांस आपल्याबरोबर नरवानर गणांत घालतात त्यांचे आवाज हे सर्व आक्रोशच आहेत, कीं त्यांतही कांहीं हांका आहेत?

अंबोसेलींतील तीन आरोळ्या

ताडोबा, मेळघाट किंवा पेंच येथील अरण्यांत जाऊन आलेल्या वाचकांस एक अनुभव असेल. वाटाड्या एकाएकीं गाडी थांबवून बोट वर करितो. उंच फांदीवरील काळतोंड्या वानर खालीं कोठेंतरी टक लावून खोकल्यासारखा खरखरीत आवाज काढीत असतो. पाठोपाठ चितळें ओरडतात. आणि वाटाड्या सांगतो कीं वाघ नाहींतर बिबळ्या जवळपास आहे. वाटाड्यास अर्थ कळला हें खरें. परंतु वानर ओरडला तो नुसता भिऊन, कीं सोबत्यांस सांगण्यासाठीं? केवळ ऐकून हें ठरवितां येत नाहीं. त्यास प्रयोग लागतो.

तसा प्रयोग आफ्रिकेंतील केनिया देशांत झाला. तेथें किलिमांजारो पर्वताजवळ अंबोसेली नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्यांत 'व्हर्वेट' जातीचीं लहान माकडें टोळ्या करून राहतात. बिबळ्या दिसला तर हीं माकडें मोठ्यानें भुंकल्यासारखें ओरडतात. गरुड दिसला तर दोन अवयवांचा, खोकल्यासारखा आवाज काढतात. आणि साप दिसला तर दांत वाजल्यासारखी चटचट करितात. रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी व पीटर मार्लर या तिघांनीं हे तीन आवाज ध्वनिमुद्रित केले, आणि शत्रु कोठेंही नसतांना झुडपांत लपविलेल्या ध्वनिवर्धकांतून ते टोळीस ऐकविले. १९८० सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं बिबळ्याची आरोळी ऐकतांच जमिनीवरचीं माकडें झाडांवर चढलीं. गरुडाची ऐकतांच तीं वर पाहूं लागलीं किंवा झुडपांत शिरलीं. आणि सापाची ऐकतांच मागच्या पायांवर उभीं राहून गवतांत शोधूं लागलीं. आवाजांतच शत्रूचें वर्णन होतें.

व्हर्वेटच्या पोरांची गोष्ट मोठी गमतीची आहे. गरुडाची आरोळी तीं निरुपद्रवी पक्ष्यांसही देतात; वरून गळणाऱ्या पानावरही एखाद्यानें ती दिलेली आहे. वयाबरोबर ही चूक सुधारत जाते आणि मग आरोळी खऱ्या शिकारी पक्ष्यांसाठींच राहते. लहान मुलें प्रथम प्रत्येक चतुष्पादास 'भूभू' म्हणतात हें ज्यांनीं घरीं पाहिलें आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

त्याच अरण्यांतील आणखी एक प्रयोग आम्हांस विशेष हृद्य वाटतो. एका पोराची किंकाळी ध्वनिमुद्रित करून ती तीन माद्यांस ऐकविली. त्यांपैकीं एक त्या पोराची आई होती. आईनें आवाजाच्या दिशेकडे पाहिलें. हें अपेक्षितच होतें. परंतु इतर माद्यांनीं काय केलें? त्यांनीं आईकडे पाहिलें. पोर कोणाचें हें त्यांस आवाजावरून कळलें होतें, आणि ओ कोणीं द्यावयाची हेंही. वाड्यांत मूल रडूं लागलें म्हणजे चार बायका कामें न सोडतां एकाच सुनेकडे पाहतात, तें दृश्य आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें.

चिंपांझीचें खाकरणें

येथें एक सबळ आक्षेप येतो. अर्थ ऐकणाऱ्यास कळला, एवढ्यानें तो सांगण्याचा ओरडणाऱ्याचा हेतु होता असें सिद्ध होत नाहीं. धूर पाहून आपणांस अग्नि कळतो. पण धुराला कांहीं सांगावयाचें नसतें. जेन गुडॉल यांनीं १९६० सालीं टांझानियांतील गोंबे येथें चिंपांझींचा अभ्यास आरंभिला. त्यांचें मत असें होतें कीं योग्य ती भावना नसतांना आवाज काढणें चिंपांझीस जवळजवळ अशक्य आहे, आणि भावना असतां तो दाबणेंही फार कठीण. त्यांनीं सांगितलेली फिगन नांवाच्या तरुण चिंपांझीची हकीकत या मताच्या दोन्ही बाजू दाखविते. फिगनला केळीं मिळालीं तेव्हां तो आनंदानें ओरडला. तें ऐकून मोठे नर आले आणि केळीं घेऊन गेले. कांहीं दिवसांनीं पुन्हां केळीं मिळालीं तेव्हां त्यानें आवाज बाहेर पडूं दिला नाहीं. पण तो घशांत इतका दाटून आला होता कीं जणुं तो गुदमरत होता. म्हणजे इच्छा होती गप्प राहण्याची, आणि कंठ मात्र पुरता ताब्यांत नव्हता.

पुढील अभ्यासानें हें चित्र बरेंच बदललें. युगांडांतील बुडोंगो अरण्यांत चिंपांझींच्या वाटेवर सापाची प्रतिकृति ठेवण्यांत आली. ज्यानें ती पाहिली तो ओरडे. पण सोबत्यांनीं ती आधींच पाहिली असेल किंवा इशारा ऐकला असेल तर कमी, आणि त्यांस ठाऊक नसेल तर अधिक. हा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. भीति तर दोन्ही वेळां सारखीच. फरक पडला तो दुसऱ्याच्या अज्ञानामुळें.

याहूनही बोलका पुरावा अमेरिकेंतील अटलांटा येथील यर्किस संशोधन केंद्रांत मिळाला. तेथील चिंपांझी मनुष्याचें लक्ष वेधण्याकरितां दोन चमत्कारिक आवाज काढतात. एक, ओठ मिटून त्यांतून वारा सोडीत केलेला 'फुर्र'. आणि दुसरा, घसा ताणून काढलेला लांब घुरघुराट. विल्यम हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीन प्रसंग योजले : पिंजऱ्याबाहेर नुसतें खाद्य ठेवलें, नुसता मनुष्य उभा राहिला, आणि मनुष्य खाद्य घेऊन उभा राहिला. हे आवाज सर्वांत अधिक निघाले ते तिसऱ्या प्रसंगीं. भुकेचा आक्रोश असता तर खाद्य दिसतांच तो तितकाच निघाला असता. हें २००७ सालचें संशोधन. त्यापूर्वीं २००१ सालीं त्यांच्याच गटाला असें आढळलें होतें कीं मनुष्याचें तोंड चिंपांझीकडे असेल तर तो हातवारे अधिक करितो, आणि मनुष्य पाठमोरा असेल तर आवाजाचा आश्रय घेतो. पाठमोऱ्या माणसापुढें हात हालवून उपयोग नाहीं, एवढें तो जाणतो.

हे आवाज येतात कोठून? २०१२ सालच्या अभ्यासांत असें दिसलें कीं आईपाशीं वाढलेल्या पोरांत आईची ही संवय उतरते. मनुष्यांनीं शिशुगृहांत वाढविलेल्या पोरांत ती तशी उतरत नाहीं. म्हणजे ही हांक रक्तांतून आलेली नाहीं, आईच्या मांडीवर शिकलेली आहे.

हें वाचतांना आम्हांस आमचे आजोबा आठवले. माजघरांत पाऊल टाकण्यापूर्वीं ते उंबऱ्याशीं थांबून खाकरत. त्या खाकरण्यांत कफाचा कांहीं संबंध नव्हता; 'आम्ही येत आहों, पदर सांवरा' एवढा त्याचा अर्थ, आणि तो सर्व सुनांस कळे. त्या सुनाही सासऱ्यांशीं बोलत नसत. पान वाढल्याची वर्दी त्या बांगड्यांच्या किणकिणाटानें देत. नवऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं, म्हणून सारा संसार एका 'अहो' वर चाले. आणि दहा पुरुषांच्या घरांत कोणाची 'अहो' कोणाला, हें सुरावरून नेमकें ओळखूं येई. शब्दावांचून हांक मारण्याची कला अटलांटाच्या चिंपांझींपुरतीच नाहीं. आपल्या घरांतून ती दोन पिढ्यांपूर्वीं नित्याची होती.

खोटी हांक

जेथें हांक आहे तेथें खोटी हांकही आलीच. दक्षिण अमेरिकेंत, आर्जेंटिना देशांतील इग्वाझू राष्ट्रीय उद्यानांत, कॅपुचिन जातीचीं माकडें राहतात. त्यांच्या टोळ्यांत मानपान फार कडक. संशोधकांनीं मोजक्या जागीं केळ्यांचे तुकडे ठेवले म्हणजे वरिष्ठ माकडें ते बळकावीत. अशा वेळीं एखादें कनिष्ठ माकड शत्रु आल्याची आरोळी ठोके. वरिष्ठ पळत, आणि कनिष्ठास खाद्य मिळे. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत शत्रु नसतांना दिलेल्या या आरोळ्या वरिष्ठांपेक्षां कनिष्ठांच्याच अधिक आढळल्या. हें जाणूनबुजून केलेलें कपट, कीं अन्न न मिळाल्याच्या क्षोभानें निघालेली आरोळी, हा वाद आहे. पण उपयोग होतो हें निश्चित. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट पहिल्या इयत्तेपासून शिकविणाऱ्या आम्हांस तिचा इतका प्राचीन पाठ सांपडेल असें वाटलें नव्हतें.

त्या गोष्टीच्या उत्तरार्धाचाही पाठ अंबोसेलींत मिळतो, आणि तो आमच्या मनास लागला आहे. शेजारची टोळी आल्याची वर्दी व्हर्वेट माकडें दोन वेगवेगळ्या आवाजांनीं देतात. चेनी आणि सेफार्थ यांनीं एका ठराविक माकडाचा त्यांपैकीं एक आवाज, दुसरी टोळी नसतांना, पुनःपुन्हां ऐकविला. इतर माकडें हळूंहळूं त्याकडे लक्ष देईनातशीं झालीं. नंतर त्याच माकडाचा दुसरा आवाज ऐकविला, तर त्याकडेही त्यांनीं लक्ष दिलें नाहीं. परंतु तोच आवाज दुसऱ्या माकडाचा असतां त्यांनीं पूर्ववत् मान वर केली. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ असा कीं टोळीनें आवाजाला वगळलें नव्हतें, त्या माकडाला वगळलें होतें.

पाळण्यांतील हांक

आतां मनुष्याकडे वळूं. जपानांतील क्योटो विद्यापीठाचे ताकेशी निशिमुरा आणि त्यांचे सहकारी यांनीं नरवानर गणांतील ४३ जातींचे कंठ तपासले. मनुष्येतर सर्वांच्या स्वरतंतूंवर पातळ पडद्याची एक झालर असते. मनुष्यांत ती नाहींशी झाली आहे. हें संशोधन २०२२ सालचें. त्या झालरीमुळें आवाज कर्कश आणि चंचल होतो; ती गेल्यामुळें मनुष्याचा सूर स्थिर झाला. पाणिनीचा त्रिमात्रिक प्लुत एका सुरांत धरावयाचा तर असाच कंठ हवा. त्याचबरोबर मनुष्याच्या मेंदूच्या बाह्य भागापासून कंठाच्या स्नायूंस चालविणाऱ्या पेशींपर्यंत सरळ तंतु जातात. माकडांत तसे सरळ तंतु नाहींत. म्हणून फिगनला जें साधतां साधतां जीव गुदमरला, तें आपल्या घरांतील चार वर्षांच्या मुलाला लपंडाव खेळतांना सहज साधतें.

तथापि मनुष्यानें जुनी कर्कशता अगदींच टाकून दिलेली नाहीं. ती त्यानें संकटासाठीं राखून ठेविली आहे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत किंकाळ्यांची मोजणी झाली. साध्या बोलण्यांत आवाजाचा जोर सेकंदाला चार-पांच वेळां वरखालीं होतो. किंकाळींत तो ३० ते १५० वेळां होतो. ही खरखर ऐकतांच मेंदूंतील भीतीचें केंद्र जागें होतें. धोक्याच्या भोंग्यांतही हाच गुण आढळला.

मूल जन्मतें तें ऐकणारें कान घेऊनच. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनीं १९८० सालीं दाखविलें कीं तीन दिवसांच्या आंतील अर्भकें आपल्या आईचा आवाज ऐकूं यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. परक्या बाईच्या आवाजापेक्षां आईच्या आवाजाचें त्यांस अधिक आकर्षण असतें. साडेचार महिन्यांचें मूल आपलें नांव इतर नांवांतून वेगळें ओळखतें, हें १९९५ सालीं दिसून आलें. आणि पांच महिन्यांचें मूल आपल्या आवाजाचा परिणाम ओळखतें. त्याच्याशीं खेळणारें माणूस एकाएकीं निर्विकार, दगडासारखा चेहरा करून बसलें, तर तें प्रथम अधिक आवाज काढूं लागतें. रडणें नव्हे, हुंकार, बोबडे उद्गार. उत्तर नेहमीं येत असे, आज कां येत नाहीं, म्हणून तें पुन्हां पुन्हां हांक मारून पाहतें. थोड्या वेळानें उत्तर आलेंच नाहीं तर तें थांबतें. २००९ सालच्या या अभ्यासाचें वर्णन वाचतांना आम्हांस त्या थांबण्याचें वाईट वाटलें. हांक कशी मारावी याइतकेंच, हांक मारण्यांत अर्थ आहे कीं नाहीं, हेंही मूल त्याच वयांत शिकत असतें.

रडणाऱ्या मुलास लगेच उचललें तर तें लाडावतें, असा समज पुष्कळ घरांत आहे. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनीं अमेरिकेंत २६ मायलेकरांचें वर्षभर निरीक्षण करून १९७२ सालीं याच्या उलट निष्कर्ष प्रसिद्ध केला : ज्यांच्या आया पहिल्या कांहीं महिन्यांत रडण्याला तत्परतेनें ओ देत, तीं मुलें वर्षाअखेर कमी रडत. या निष्कर्षावर पुढें आक्षेप घेण्यांत आले आणि वाद बराच चालला. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. आमच्या घरीं मात्र त्याचा प्रत्यय आला, तो लहान मुलाच्या बाबतींत नव्हे.

आत्याबाई

आमच्या आत्याबाईंचें वय नव्वदीच्या घरांत आहे. तरुणपणीं वैधव्य आलें तेव्हांपासून त्या आमच्या घरीं आहेत. आमचीं रूपें, आमचे श्लोक, आमचे पाढे, सर्व त्यांनीं म्हणवून घेतलेले. गेलीं कांहीं वर्षें त्यांस फारसें चालवत नाहीं, स्वयंपाकघरापलीकडील खोलींत त्या असतात, आणि तेथून हांक मारतात : "अरे, कोण आहे रे तिकडे?"

प्रथम प्रत्येक हांकेस कोणीतरी जात असे. गेल्यावर काम निघे तें एवढेंच : किती वाजले, दूधवाला येऊन गेला काय, खिडकी लावलेली आहे ना. हळूंहळूं जाणें राहिलें आणि जागेवरूनच 'येतों हं' म्हणणें सुरू झालें. पुढें तेंही राहिलें. दिवसाकाठीं पन्नास हांका. घड्याळाच्या टिकटिकीसारख्या त्या घराच्या आवाजांत मिसळून गेल्या.

दोन वर्षांपूर्वींच्या आषाढांत एका संध्याकाळीं आम्ही ओटीवर नातवाकडून 'राम' शब्द चालवून घेत होतों. बाहेर पाऊस. हांक आली. पुन्हां आली. आम्हांस ती ऐकूं आली नाहीं असें आम्हीं नंतर सर्वांस सांगितलें. पण या पानावर खोटें कशाला लिहावें? ती ऐकूं आली होती. आम्ही सप्तमीपर्यंत आलों होतों. सूनबाई माडीवर होत्या, त्यांनींही ती ऐकली. त्यांस वाटलें, खालीं मामंजी आहेत. मुलगा मोबाइलवर बोलत होता. पाऊण तासानें दूध घेऊन कोणी खोलींत गेलें तेव्हां आत्याबाई खाट आणि भिंत यांच्यामध्यें पडलेल्या आढळल्या. मनगटाचें हाड मोडलें होतें.

त्यांनीं कोणास बोल लावला नाहीं. इतकेंच म्हणाल्या, "मला वाटलें, तुम्ही सगळे कुठें बाहेर गेलां असाल."

आमचें घर भरलेलें होतें. त्या भरल्या घराला त्यांनीं आमची लाज राखण्यासाठीं रिकामें ठरविलें. अंबोसेलींतील माकडांनीं वगळलेल्या त्या माकडाचा वृत्तांत आम्हीं पुढें कांहीं महिन्यांनीं वाचला, आणि पुस्तक मिटून ठेविलें. माकडांस निदान पुनःपुन्हां फसविलें होतें. आत्याबाईंनीं आम्हांस एकदांही फसविलें नव्हतें. त्यांच्या गरजा लहान होत्या, एवढाच त्यांचा अपराध.

मुलानें खाटेपाशीं विजेची घंटा बसविण्याचें सुचविलें. ती बसविली, आत्याबाईंनीं तिला हात लावला नाहीं. मग आम्हीं घरांत एक साधा नियम केला. हांक ज्याच्या कानावर पडेल त्यानें प्रथम 'ओ' द्यावी, आणि मग खोलीच्या दारापर्यंत जाऊन यावें. दुसरें कोणी जाईल असें समजूं नये. नातवानें हा नियम सर्वांत आधीं उचलला. त्याचा प्लुतही शुद्ध आहे.

पहिल्या आठवड्यांत फार धांवपळ झाली. महिना उलटला तेव्हां लक्षांत आलें कीं हांका पुष्कळ कमी झाल्या आहेत. आणि दारांत जाऊन 'काय हवें?' म्हणून विचारलें तर बहुधा उत्तर येई, "कांहीं नाहीं रे. असूं दे." प्रथम आम्हांस याचा किंचित् राग येई. पुढें समजलें कीं कांहीं नको होतें असें नाहीं. जें हवें होतें तें 'ओ' म्हणतांच पोंचलेलें होतें.

ब्राझीलच्या अरण्यांत मार्मोसेट नांवाचीं चिमुकलीं माकडें राहतात. तीं कुटुंब करून राहतात, आणि पोरांस सारें घर मिळून सांभाळतें. फांद्यांच्या गर्दींत एकमेकांस दिसेनाशीं झालीं म्हणजे तीं शिटीसारखा एक लांब स्वर काढतात. दुसरें थोडें थांबून, पहिल्याचें पुरें होऊं देऊन, मग उत्तर देतें. या स्वरानें अन्न मागितलेलें नसतें कीं शत्रूची वर्दी दिलेली नसते. 'मी येथें आहें, तूं आहेस ना?' एवढीच ती विचारपूस. जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२४ सालीं असें दाखविलें कीं हा स्वर तीं प्रत्येक सोबत्यासाठीं थोडा वेगळा काढतात, जणुं नांव घेऊनच. आणि आपल्यासाठीं काढलेला स्वर कोणता, हें ऐकणाऱ्यास ओळखूं येतें. एकाच कुटुंबांतील माकडें एखाद्यास हांक मारतांना मिळताजुळता स्वर वापरतात.

तेव्हां हांकेची विद्या एकट्या मनुष्याची नव्हे, हें उघड आहे. कंठ आपला अधिक सुरेल, मेंदु अधिक ताब्यांतला, आणि व्याकरण तर अद्वितीय. आतां माडीवरच्या मुलाला जेवावयास बोलावण्यासाठीं खालून मोबाइल वाजवितात. हांकेच्या अंतराला सीमाच राहिली नाहीं. परंतु हांक पोंचविण्याचीं साधनें वाढलीं म्हणून ओ देणारें मनुष्य वाढलें असें होत नाहीं. पाणिनीनें हांकेसाठीं प्लुताचा नियम केला, आणि आम्हीं तो तीसपस्तीस वर्षें शिकविला. ओ देण्याचा नियम आम्हांस साठी उलटल्यावर एका मोडलेल्या मनगटाकडून शिकावा लागला.

आत्याबाईंचें मनगट आतां बरें आहे. हा लेख लिहितांना आम्हांस सात वेळां उठावें लागलें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं.